तक्त्यावरचे आतडे

शाळाशाळांतून पचनसंस्थेचा जो रंगीत तक्ता टांगलेला असतो, त्याविषयी आमची एक तक्रार आहे. जठर, यकृत, स्वादुपिंड जागच्या जागी. आणि खाली लहान आतडे म्हणजे पोटात कोंबलेली एक गुलाबी नळी. ती कशाच्या आधाराने राहते, तिला रक्त कोठून मिळते, याचा पत्ता नाही.

पिंपरी-चिंचवड, चाकण या पट्ट्यात वर्गातल्या कितीतरी मुलांचे पालक कारखान्यांत कामाला असतात. तेथे नळीचा दाखला चटकन पटतो. पण त्यामागोमाग दुसरा विचारही येतो : नळी तुंबली की जोर लावून मोकळी करावी. पोट दुखताच एरंडेल पाजणाऱ्या घरांचे तर्कशास्त्र हेच आहे.

शल्यविशारदाला दिसणारे आतडे वेगळे असते. साडीच्या निऱ्या कमरेशी चिमटीत मावतात आणि खाली काठ घेरदार पसरतो; लहान आतडे म्हणजे तो काठ. निऱ्यांच्या जागी आंत्रबंध नावाचा पातळ पडदा असतो. आतडे सुमारे 6 मीटर लांब, पण या पडद्याचे पोटाच्या मागच्या भिंतीशी असलेले मूळ जेमतेम 15 सेंटिमीटर! रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यातूनच येतात. येथे पीळ पडला की वाहिन्या आवळल्या जातात आणि काही तासांत आतडे मरू लागते. आयर्लंडमधील लिमरिक विद्यापीठाचे जे. कॅल्विन कॉफी यांनी तर 2016 साली आंत्रबंध हा सलग, स्वतंत्र अवयव मानावा असे मांडले. आमच्या तक्त्यात त्याला एक रेघही नाही.

आंत्रपुच्छाला, म्हणजे अपेंडिक्सला, 'अवशेषांग' म्हणून तक्ता मोकळा होतो. त्याला सूज आली की दुखणे बहुधा आधी बेंबीभोवती जाणवते, कारण आतड्याकडून येणारे मज्जातंतू नेमकी जागा सांगू शकत नाहीत. सूज पोटाच्या अस्तराला भिडली की दुखणे उजवीकडे खाली सरकते. अशा वेळी जुलाब दिल्यास आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका वाढतो, आणि फुटले की जंतू पोटभर पसरतात. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1955 साली पेनिसिलीन तयार होऊ लागले. प्रतिजैविकांमुळे असे पुष्कळ रुग्ण वाचू लागले हे खरे. पण फुटलेले आंत्रपुच्छ काही औषधाने सांधत नाही.

नवा तक्ता येईल तेव्हा येवो. तोवर एखादीची ओढणी मागून घ्यावी, तिच्या एका लांब कडेच्या निऱ्या चिमटीत धराव्यात आणि मुलांसमोर चिमटीजवळ पीळ देऊन दाखवावा.