गप्प बसलेली जोडणी : वेबसॉकेटचं एक परीक्षण

मंडळी, मागच्या वेळी आपण प्रमाणांपाशी थांबलो होतो. आज त्यातलंच एक प्रमाण एका यंत्राला लावून पाहू.

वेबचा मूळ व्यवहार एका प्रश्नाला एक उत्तर, असा. ब्राउझर विचारतो, सर्व्हर सांगतो आणि विसरून जातो. भाव बदलला का, हे कळायला पुन्हा पुन्हा विचारत बसावं लागे. डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ या दस्तऐवजाने वेबसॉकेटचं मानक ठरलं. सुरुवात साध्या एचटीटीपी विनंतीनेच होते. सर्व्हर १०१ हा आकडा देऊन होकार कळवतो, आणि मग तीच जोडणी दोन्हीकडून बोलायला मोकळी राहते.

हे उत्तमच झालं. आमचा आक्षेप त्याच्या पुढचा आहे. जोडणी उघडी, म्हणजे पलीकडे कोणीतरी आहे, असं सर्रास धरलं जातं. आपल्या सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याच्या लिलावात अडत्या गप्प झाला, तरी तो समोर उभा दिसतो. बोली वाढलेली नाही हे कळतं. पडद्यावर भाव स्थिर दिसतो तेव्हा मात्र एकतर तो हललेला नसतो, किंवा वाटेत मोबाइलची रेंज गेलेली असते आणि दोन्ही टोकांना पत्ता नसतो. दोन्ही शांतता सारख्याच. त्या शिळ्या आकड्यावर कोणी माल विकला तर?

कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी हे सहावं प्रमाण. पण त्याला अट आहे. घडा असता तर दिसलाच असता, अशी स्थिती असेल तरच ‘दिसत नाही’वरून ‘नाही’ ठरतं. अंधाऱ्या खोलीत ते चालत नाही.

मानकात यासाठी पिंग आणि पाँग आहेत. पण गंमत बघा, ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला पिंग पाठवताही येत नाही आणि आलेला दिसतही नाही. म्हणून सर्व्हर लिहिणाऱ्याने साध्या संदेशातूनच ठोका पाठवायचा. झिरोधाच्या काइट कनेक्टमध्ये तो आहे : डेटा नसेल तेव्हा दर दोनेक सेकंदांनी एक बाइट. सोबतच्या माहितीत मात्र त्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल, असं म्हटलंय! भावापुरतं ते खरं. पण खोलीतला दिवा तोच एक बाइट आहे. तो थांबला की पडद्यावरचा आकडा फिका व्हायला हवा.

आणि तुटलेली जोडणी पुन्हा जुळली, तरी मधले संदेश मानक परत आणून देत नाही. सर्व्हरने प्रत्येक संदेशाला क्रमांक द्यावा, ब्राउझरने जुळताना शेवटचा क्रमांक सांगावा. भाव एकाच बाजूने यायचे असतील, तर सर्व्हर-सेंट इव्हेंट्समध्ये तो क्रमांक ब्राउझर आपण होऊन कळवतो. मग तिथे वेबसॉकेट कशाला, हेही आपण विचारलं पाहिजे.