पत्रांचे सदर

मासिकाचा खप मोजता येतो. वाचकाचा विश्वास मोजता येत नाही. इटलीतील ‘फामिल्या क्रिस्तियाना’, म्हणजे ‘ख्रिस्ती कुटुंब’, या कॅथॉलिक साप्ताहिकाने दोन्ही मिळविले. त्याचे रहस्य काय?

१९३१ च्या नाताळात आल्बा या गावी फादर जाकोमो आल्बेरियोने यांनी ते काढले, ते अवघ्या बारा पानांचे आणि मुख्यतः गृहिणींसाठी. घरकामाच्या सूचना व धर्मबोध हाच तेव्हाचा ऐवज. त्यांच्याच संस्थेच्या धर्मभगिनींनी ते घरोघर पोहोचविले. पुढे फादर जुझेप्पे त्झिल्ली संपादक झाले आणि साठीच्या दशकात खप दहा लाखांवर गेला.

चित्रे, बातम्या इतरत्रही होत्या. पण ‘फादरांशी संवाद’ या सदरात वाचक शेजारणीलाही सांगू नये ते लिही आणि त्याला उत्तर मिळे. अंकाचा प्राण तोच. शेवटचा शब्द नेहमी फादरांचाच, हे या सदराचे उणेपण खरे. परंतु प्रश्न विचारण्याची भीती गेली, हे काय थोडे झाले?

त्याची किंमतही पडली. नंतरचे संपादक फादर लेओनार्दो झेगा यांची कौटुंबिक नीतीवरची सौम्य उत्तरे व्हॅटिकनला रुचली नाहीत. १९९७ साली संस्थेवर पोपचा प्रतिनिधी नेमला गेला आणि १९९८ मध्ये झेगांना संपादकपद सोडावे लागले.

कुटुंबासाठी अंक पुष्कळ निघतात. कुटुंबाचे ऐकून घेणारा अंक विरळा, आणि त्याचे मोल संपादकालाच मोजावे लागते.