प्रवेश-अर्जातील आत्मनिवेदन : एक वाङ्मयीन विचार

अमेरिकेतील अनेक महाविद्यालये प्रवेश देताना गुणपत्रिकेबरोबर विद्यार्थ्याचा वैयक्तिक निबंधही मागवितात. शेकडो संस्थांनी स्वीकारलेल्या 'कॉमन ॲप्लिकेशन' या सामाईक अर्जात त्याची कमाल मर्यादा ६५० शब्दांची आहे. लघुनिबंधाशी या लेखनाचे बाह्य साम्य उघड आहे. दोहोंतही 'मी' केंद्रस्थानी असतो. परंतु लघुनिबंधकार वाचकाकडे काही मागत नाही. अर्जदाराचे प्रत्येक वाक्य मागणीच्या छायेत लिहिले जाते. नवविधा भक्तीतील आत्मनिवेदनात फलाकांक्षेचा त्याग अभिप्रेत आहे. येथे फल हेच प्रयोजन होय. मग याचना आणि सत्यनिष्ठा एकाच लेखनात नांदू शकतात काय?

या प्रश्नाचा विचार करताना आनंदीबाई जोशी यांनी जून १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेले पत्र महत्त्वाचे ठरते. त्यावेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करीत नसू, हे त्या पत्रात आडपडदा न ठेवता मान्य करतात. आप्तांचा व जातीचा विरोध पत्करून आपण आलो, हे त्या सांगतात. पण ते दयेची भीक म्हणून नव्हे, तर निश्चयाचा पुरावा म्हणून. पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींची सेवा, हा त्यांच्या मागणीचा आधार आहे. त्यांचे स्वतःचे मूल जन्मानंतर दहा दिवसांतच दगावले होते. पत्राचा युक्तिवाद मात्र त्या दुःखावर उभा नाही.

तथापि हे पत्र अकृत्रिम आहे, असे समजणे भाबडेपणाचे होईल. मानवतेची हाक, ईश्वराचा आधार, विनम्र याचना ही त्यातील भाषा अमेरिकन ख्रिस्ती वाचकाच्या कानाला ओळखीची वाटेल अशीच आहे. वाचक ओळखून लिहिणे हा दोष नव्हे. वाचकाला रुचेल म्हणून स्वतःचा अनुभवच बदलणे, हा दोष होय. आनंदीबाईंनी भाषा वाचकाची घेतली. हेतू आपला ठेवला.

आजच्या निबंधावरील भार अधिक आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेशपद्धती अवैध ठरविली. परंतु वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहिल्यास, त्यातून प्रकटणारे धैर्य वा सामर्थ्य विचारात घेण्यास संस्थांना मुभा ठेवली. परिणामी, जे पूर्वी रकान्यातील एका खुणेने कळत असे, ते आता अनोळखी परीक्षकापुढे कथन करावे लागते. वेदनेलाच मोल आहे असे वाटू लागले, की सतराव्या वर्षीचा लेखक आपले जीवन एखाद्या आपत्तीभोवती गुंफू लागतो. शुल्क घेऊन मार्गदर्शन करणारे सल्लागार अशा कथेला घाट देतात. ज्याला ते परवडत नाहीत, त्याचे खरे दुःखही ओबडधोबड ठरण्याचा धोका असतो.

यावर मौन हा उपाय नव्हे. न्यायालयाची अट आणि आनंदीबाईंचे पत्र, दोहोंतून एकच कसोटी हाती येते : सांगितलेले दुःख एखाद्या गुणाकडे वा कार्याकडे नेते काय? जेथे ते नेते, तेथे याचनेलाही प्रतिष्ठा येते. जेथे नेत नाही, तेथे निबंध कितीही हृद्य असला तरी तो केवळ व्यथेचे प्रदर्शन ठरतो. मात्र ही कसोटी लेखकाइतकीच परीक्षकालाही लागू आहे, कारण मागणी तशी पुरवठा हा न्याय वाङ्मयालाही चुकलेला नाही.