काका तोच, भाचाही तोच

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतले 'नातेसंबंध' हे प्रकरण बहुतेक जण घाईने उरकतात. एका गुणासाठी एवढा काथ्याकूट कोण करील! पण या जातीचा सर्वांत देखणा प्रश्न त्या पुस्तकांत नाहीच. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त ज्या वेताळकथा गुंफल्या, त्यांतल्या चोविसाव्या कथेअखेर तो येतो, आणि तोवर प्रत्येक कोड्याचे उत्तर देत आलेला राजा त्रिविक्रमसेन तिथे प्रथमच गप्प होतो.

कथा अशी. भाऊबंदांनी राज्य हिरावलेला राजा धर्म भिल्लांशी लढताना मारला जातो आणि राणी चंद्रवती व कन्या लावण्यवती रानोमाळ भटकू लागतात. शिकारीला निघालेल्या चंडसिंहाला आणि त्याच्या मुलाला, सिंहपराक्रमाला, धुळीत पावलांचे ठसे दिसतात, एक जोडी मोठी, एक नाजूक. मोठ्या पावलांची ती थोरली, तिला विधुर बापाने वरावे. नाजूक पावलांची ती धाकटी, ती मुलाची, असे दोघांत ठरते. प्रत्यक्षात नाजूक पावले निघतात आईची! आता शब्द तर दिलेला. तेव्हा बापाला मिळते लेक आणि लेकाला आई. वाचकाला कोडे घालण्याआधी सोमदेव आपल्या पात्रांनाच एका सरळ दिसणाऱ्या तर्काने कसे बेमालूम चकवतो, हे आपण जरा चवीने पाहावे.

आता कागद घेऊ. पुरुषाला चौकोन, स्त्रीला गोल, लग्नाला दुहेरी रेघ. डावीकडे चंडसिंह, त्याच्याखाली सिंहपराक्रम. उजवीकडे चंद्रवती, तिच्याखाली लावण्यवती. एरवी लग्नाची रेघ आडवी असते, एका पिढीला त्याच पिढीशी जोडणारी. इथे मात्र एक वरून खाली उतरते, दुसरी खालून वर चढते, आणि दोन्ही मधोमध एकमेकींना छेदून ठसठशीत फुली उमटवतात. साऱ्या कोड्याचे मर्म त्या फुलीत आहे. मुले जन्मण्याआधीच तिची करामत सुरू होते: लावण्यवती सख्ख्या आईची सासू होते, आणि चंडसिंहाकडून पाहिले तर चंद्रवती एकाच वेळी त्याची सून आणि सासू! आपल्या माजघरात अशी जोडी असती तर हळदीकुंकवाला आधी कोणी कोणाला वाकून नमस्कार करायचा, यावरच दुपार सरली असती.

मग वेताळाचा प्रश्न येतो: या दोन जोडप्यांची मुले परस्परांची कोण? दोन्ही मुलगेच आहेत असे धरू. इथे एकदम झेप घ्यायची नाही, एका वेळी एकच रेघ धरायची. आधी बापाची. चंडसिंहाचा नवा मुलगा आणि सिंहपराक्रम यांचा बाप एक, म्हणजे ते सावत्र भाऊ. म्हणून हा नवा मुलगा सिंहपराक्रमाच्या मुलाचा काका. झाले, असे वाटते न वाटते तोच आईची रेघ खुणावते. सिंहपराक्रमाचा मुलगा आणि लावण्यवती एकाच आईच्या, चंद्रवतीच्या, पोटचे. म्हणून तो लावण्यवतीच्या मुलाचा मामा. पहिला दुसऱ्याचा काका आणि भाचाही. दुसरा पहिल्याचा पुतण्या आणि मामाही. बापाच्या वाटेने एक वडीलधारा ठरतो, आईच्या वाटेने दुसरा. दोन्ही वाटा खऱ्या, एक दुसरीला खोडत नाही. उत्तर मिळूनही कोड्याचा डौल उणावत नाही, हे मला त्याचे खरे वैभव वाटते. परीक्षेतली कोडी सुटली की पुसून टाकावीशी वाटतात, हे पुन्हा पुन्हा मांडून पाहावेसे वाटते.

राजा मुकाट चालत राहिला आणि त्यातच त्याचे भले झाले, कारण तोंड उघडले की त्याच्या खांद्यावरचे, वेताळ शिरलेले प्रेत पुन्हा शिंशपा वृक्षावर जाऊन लटकायचे आणि उत्तर ठाऊक असून दडवले तर मस्तक फुटायचे. वेताळ त्या मौनावर प्रसन्न झाला आणि ज्याच्यासाठी राजा ते प्रेत आणत होता त्या कपटी भिक्षूचा डाव त्याने राजाला उघड करून सांगितला. स्मशानातल्या अंधारात राजाजवळ कागद-पेन्सिल नव्हती ते बरेच. नाहीतर तो बिचारा 'एक काका, दुसरा मामा' असे सांगून मोकळा झाला असता आणि पुन्हा झाडाकडे पायपीट करत निघाला असता.