जिवाणू खतांच्या प्रचाराची चिकित्सा

पुण्याचे कृषी महाविद्यालय व मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांनी जिवाणू खते शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविली, हे श्रेय निर्विवाद आहे. तथापि प्रचारात या खतांना युरियाच्या पंक्तीस बसविणे शास्त्रसंमत नाही. युरिया निर्जीव आहे, रायझोबियम सजीव. हरभऱ्याचे रायझोबियम सोयाबीनला उपयोगी पडत नाही. उन्हात तापलेल्या पाकिटातील जिवाणू तग धरत नाहीत. २००६ मध्ये जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आली व भुकटीरूप खतात प्रतिग्रॅम किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात, असे मानक ठरले. मात्र पेरणीच्या दिवशी त्यांपैकी किती जिवंत आहेत, हे शेतकऱ्यास डोळ्यांनी दिसत नाही. पाकीट मृत निघाल्यास विश्वासाने नत्राची मात्रा घटविणाराच नुकसान सोसतो. म्हणून केवळ उत्पादनाचे आकडे नव्हेत, तर बांधावर पोहोचलेली जिवंत पेशीसंख्या हाच या कार्याचा खरा निकष ठरतो.