मित्राची टीप : बायरन, हॉबहाउस आणि कोलोसियम

परदेशातील एखादी प्राचीन वास्तू जिवलग मित्रासमवेत पाहावी आणि पुढे दोघांनीही तिच्याविषयी एकाच ग्रंथात लिहावे, असा योग साहित्याच्या इतिहासात विरळाच. लॉर्ड बायरन आणि जॉन कॅम हॉबहाउस यांच्या वाट्याला तो आला. केंब्रिजच्या विद्यार्थिदशेपासूनचे हे स्नेही १८०९ साली ग्रीसच्या प्रवासाला बरोबर निघाले होते. १८१७ च्या वसंतात रोमचे भग्नावशेषही त्यांनी एकत्र पाहिले. त्यातून ‘चाइल्ड हॅरल्ड्स पिल्ग्रिमेज’ या दीर्घकाव्याचा १८६ कडव्यांचा चौथा सर्ग सिद्ध झाला आणि १८१८ साली प्रकाशित झाला. या सर्गाची अर्पणपत्रिका हॉबहाउसच्या नावे आहे. ऐतिहासिक टिपाही त्याच्याच. त्या इतक्या वाढल्या की उरलेल्या मजकुराचा स्वतंत्र ग्रंथ त्याच वर्षी काढावा लागला.

काव्याचे रसिक सहसा टिपांकडे वळत नाहीत. परंतु या सर्गातील कोलोसियमचा भाग टिपेवाचून वाचणे म्हणजे अर्धेच वाचणे होय, असे आमचे मत आहे.

कोलोसियममध्ये बायरन शिरतो तो चांदण्या रात्री, मनात जखम घेऊन. १८१६ साली पत्नीशी फारकत झाली, लोकापवाद उठला आणि त्याने इंग्लंड सोडले, ते कायमचे. त्या भव्य अवशेषांत उभा राहून तो काळाला आणि सूडाची देवता नेमेसिस हिला साद घालतो, शत्रूंना शाप देण्याची प्रतिज्ञा करतो आणि अखेर सांगतो की, आपला शाप म्हणजे क्षमा. ही कल्पना टीकाकारांनी वाखाणली आहे, आणि तिच्यातील नाट्य आम्हांसही नाकारता येत नाही. तथापि प्रभूची प्रार्थना रोज म्हणणाऱ्या वाचकाचे मन येथे अडखळल्याशिवाय राहत नाही. समोरच्याच्या माथी निखारे ठेवण्यासाठी दिलेली क्षमा ही क्षमा कशी? तिच्यात शत्रूच्या कल्याणाची इच्छा नाही, स्वतःच्या वेदनेचे प्रदर्शन मात्र आहे. या कडव्यांत कोलोसियम कवीच्या दुःखाची रंगभूमी होऊन राहते.

आणि मग हे काव्य एकाएकी उंच उठते. कवीला मरणोन्मुख ग्लॅडिएटर दिसतो. कॅपिटोलाइन संग्रहालयातील एका संगमरवरी पुतळ्यावरून त्याला ही प्रतिमा सुचली. तो पुतळा गॉल योद्ध्याचा आहे, असे आज मानले जाते. पण त्याने काव्याला बाध येत नाही. हाताच्या आधारावर कलंडलेला तो योद्धा प्रेक्षकांचा गलका ऐकतो, पण त्याचे मन तिथे नाही. ते दूर डॅन्यूबकाठच्या झोपडीत, खेळणाऱ्या मुलांपाशी आणि त्यांच्या आईपाशी आहे. रोमच्या सुटीच्या दिवसाची करमणूक व्हावी म्हणून एक बाप मरतो आहे. येथे बायरन स्वतःला पूर्ण विसरतो, म्हणूनच या दोन कडव्यांची धार दोनशे वर्षांनंतरही बोथट झालेली नाही.

तरीही एक उणीव राहतेच. मरणाऱ्याची करुणा कवीला आली, प्रेक्षकांचा संतापही आला. परंतु ते मरण थांबवण्यासाठी आखाड्यात कोणी उतरले होते काय, हा प्रश्न काव्यात उमटत नाही. त्याचे उत्तर मित्राच्या टिपेत आहे. ग्लॅडिएटरांच्या हत्येची माहिती देताना हॉबहाउस पूर्वेकडून आलेल्या एका संन्यस्ताची कथा सांगतो. त्याचे नाव तेलेमाखुस किंवा आल्माखियुस. सम्राट होनोरियुसच्या काळी तो रोमला आला, झुंजणाऱ्यांच्या मध्ये पडून त्यांना सोडवू लागला आणि अधिकारी आलिपियुसच्या हुकमावरून ठार झाला. त्यानंतर सम्राटाने ते खेळ बंद केले. पाचव्या शतकातील इतिहासकार थेओदोरेत यानेही ही कथा दिली आहे. मात्र त्याच्या मते, रक्ताला चटावलेल्या प्रेक्षकांनीच त्या संन्यस्ताला दगडांनी ठेचले.

येथे एक गंमत ध्यानी घ्यावी. हॉबहाउस प्रॉटेस्टंट इंग्लंडमधला, चिकित्सक वृत्तीचा. रोमन रक्तसाक्षी-चरित्रावलीत ही कथा असली तरी ती विश्वासार्ह वाटते, असा चिमटा तो काढतो. पण ज्या आलिपियुसचे नाव तो घेतो, तो त्या चरित्रावलीतच भेटतो; थेओदोरेतपाशी तो नाही. जिच्याकडे संशयाने पाहिले, तिच्याच हातून त्याने प्रसाद घेतला!

वास्तविक कवीच्या डोळ्यांसमोरही खूण होती. अठराव्या शतकाच्या मध्यास पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी कोलोसियम ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या स्मृतीस वाहिले होते. १८१७ साली आखाड्याच्या मधोमध क्रूस आणि सभोवती क्रूसाच्या वाटेची स्थाने उभी होती. ती १८७४ च्या उत्खननात हलवली गेली. नेमक्या याच वास्तूत ख्रिस्ती रक्तसाक्षी मारले गेले काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि तेलेमाखुस कोणत्या आखाड्यात मरण पावला हे थेओदोरेत सांगत नाही. पण आखाड्यात सांडलेल्या रक्ताविषयी मतभेद नाहीत, आणि त्या रक्तापाशी क्रूस उभा करण्यात ख्रिस्तसभेने औचित्यच दाखवले. १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी शुभ शुक्रवारची क्रूसाची वाट तेथे पुन्हा सुरू केली.

आपल्या धर्मग्रामांतून रोमच्या यात्रेस जाणाऱ्यांनी सामानात हा सर्ग अवश्य ठेवावा, मात्र टिपांसह असलेली आवृत्ती निवडावी. कोलोसियमच्या पायऱ्यांवर बसून आधी ग्लॅडिएटरची कडवी वाचावीत आणि नंतर पाने उलटून तेलेमाखुसची टीप. सोबत स्नेही असल्यास ती त्याला वाचायला सांगावी.