चिमूट उघडते तेव्हा

कंपवाताच्या शस्त्रक्रियेचे व्हिडिओ पाहणारे वाहवा करतात ती हाताची थरथर थांबते त्या क्षणाला. नाट्य आहे त्यात, मान्य. पण दर्दी माणसानं नजर जरा खाली, त्याच हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर न्यावी. न्यूरॉलॉजिस्ट सांगतात, ‘ही दोन बोटं दहा वेळा जुळवा-उघडा. होईल तितकं मोठं, होईल तितकं भरभर.’ खरं पाहण्यासारखं आहे ते हे.

आधी मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडचा प्रवाह बंद असताना पाहावं. पहिली चिमूट बरी उघडते. दुसरी जराशी आखूड. चौथ्या-पाचव्या खेपेला बोटांमधली फट निम्म्यावर आलेली असते. पुढे बोटं मध्येच अडतात आणि शेवटी जेमतेम विलग होतात. विलंबित खयालातही लय संथच असते, पण प्रत्येक मात्रेला तिची पुरती जागा मिळते. इथे मात्राच आक्रसत जाते. हातात ताकद असते, तरीही. नुसतं ‘हालचाल मंदावते’ एवढंच लिहून मोकळं होणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी.

मेंदूत खोलवर सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा काही मिलिमीटरांचा ठिपका आहे. कंपवातात डोपामिन घटलं की तिथल्या पेशी सेकंदाला 13 ते 30 आवर्तनांच्या ठेक्यात एकत्र अडकून पडतात. मंदपणाचं आणि ताठरपणाचं नातं या ठेक्याशी लागतं. 1990 साली बर्गमन, विचमन आणि डीलाँग यांनी कंपवातासारखी लक्षणं आणलेल्या माकडांत हा ठिपका निकामी केला, तर गोठलेली माकडं हलू लागली. ग्रेनोबलला बेनाबिद आणि पोलॅक यांनी 1993 मध्ये रुग्णाच्या त्याच जागी इलेक्ट्रोड बसवला. निकामी केलेलं परत येत नाही. प्रवाह मात्र कमी-जास्त करता येतो, बंदही करता येतो.

आता प्रवाह सुरू. सेकंदाला साधारण 130 स्पंद, एकेक 60 मायक्रोसेकंदांचा. कंप बहुधा काही सेकंदांत ओसरतो, ताठरपणाही लवकर सैलावतो. मंदपणाला मात्र मिनिटं लागतात, कधी तास. थरथरीच्या मोहात पडलेला प्रेक्षक तोवर उठून गेलेला असतो! बसून राहिलेल्याला सातवी चिमूट दिसते: मघाशी जिथे बोटं अडली होती, तिथे ती आता सरळ उघडतात. प्रवाहानं डोपामिन परत आणलेलं नसतं, आजारही थांबवलेला नसतो. तो जुना ठेका तेवढा मोडलेला असतो.

यात एक खोच आहे. प्रवाह अंमळ वाढवला की बोटं आणखी मोकळी होतात; पण तो शेजारच्या तंतूंपर्यंत पसरला तर जीभ जड होते. म्हणून प्रवाह जुळवताना बोटं चालू असतानाच रुग्णाला वारांची नावं म्हणायला लावावीत. ‘बुधवार’ बोबडा आला, तर प्रवाह मिलिअँपिअरच्या दशांशानं खाली आणायचा आणि पुन्हा सोमवारपासून सुरुवात करायची.